लांबून सुरुवात

शेजारचे काका कुठलीही गोष्ट जवळून सुरू करतच नाहीत. त्यांच्या आवडत्या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं साऱ्या जगाचा मिळून एकच इतिहास लिहिला. त्याच्या मते कुठलीच घटना एकटी नसते. त्यामुळे इथे परदेशात, आमच्या नोव्हाय गावात गाड्यांचे भाव वाढले, की काका थेट चिलीच्या तांब्याच्या खाणीत उतरतात. "थांब रे, लिंक लागेल!" मी मीटिंगचं निमित्त करून सटकतो.

परवा माझा जॉब गेला. घरात जाववेना, म्हणून ड्राइव्हवेवर गाडीतच बसून राहिलो. काका येऊन शेजारच्या सीटवर बसले. मी सांगून टाकलं आणि डोळे मिटले. आता जगभरची मंदी ऐकावी लागणार. पण काका गप्पच.

शेवटी मीच म्हणालो, "काका, सुरू करा ना. कुठूनही."