अण्णांना धबधबा दिसला, चौथ्या खेपेला

मागच्या रविवारी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अजिंठ्याचा धबधबा दाखवून आणला... या वेळी पाण्यासकट.

'पाण्यासकट' का म्हणतोय ते सांगतो. लेण्यांच्या टोकाला वाघूर नदी सात कुंडांतून खाली उड्या घेते. पावसाळ्यात तिथं उभं राहायला जागा नसते. आमचं घर मात्र तिथं तीनदा गेलं आणि तिन्ही वेळा कातळ बघून परत आलं.

कारण साधं आहे. आम्ही केदारखेड्याचे शेतकरी. पावसाळ्यात पेरणी, खुरपणी, फवारणी... फिरायला जायचं ते रान मोकळं झाल्यावर, म्हणजे बहुतेक उन्हाळ्यात. धबधबा बघायला मे महिन्यात जाणारं खानदान जगात आमचंच असेल असं मला वाटायचं. नंतर कळलं, निम्मं गाव असंच जाऊन आलंय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चौथीत होतो. खालच्या कुंडात हिरवट पाणी आणि त्यात दोन बेडूक. अण्णांनी हात वर करून दाखवलं, "हे बघ, इथून पडतं." मी बराच वेळ वर बघत उभा राहिलो, न जाणो पडलं तर...

दुसऱ्यांदा जानेवारीत, कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर. वरून एक धार येत होती, आमच्या गल्लीतला नळ तिच्यापेक्षा बरा. तिसऱ्यांदा माझ्या लग्नानंतर, पुन्हा मे. बायको नवीन होती म्हणून काही बोलली नाही. आता बोलते. कबूल करून न येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आमच्या घरात 'अण्णांचा धबधबा' म्हणतात... गॅसची गाडी, गेलेली लाईट, माझं प्रमोशन. अण्णाही हसायचे.

यंदा मात्र ते हसेनासे झाले. दोन्ही गुडघे गेले, म्हणून उन्हाळ्यात त्यांनी शेत बटईनं दिलं, वस्तीवरच्या संतोषला. राबणार तो, पीक निम्मं निम्मं. अण्णा आणि मायला मी बदनापूरला माझ्याकडे घेऊन आलो. इथं मी शाळेत शिकवतो.

पाऊस सुरू झाला आणि अण्णा गप्प झाले. अर्धी भाकरी खायची आणि गॅलरीत बसून आभाळाकडे बघायचं. विचारलं तर "बराबर हाय" एवढंच. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत. पण जन्मभर पावसाळ्यात राबलेला माणूस हा रिकामा पावसाळा काढेल की नाही, या विचारानं मला झोप लागेना.

म्हणून शनिवारी म्हणालो, उद्या अजिंठ्याला जाऊ. अण्णा म्हणाले, "श्रावणात कोण फिरतं रे? लोक नावं ठेवतील."

माय म्हणाली, "ठेवू द्या. म्या तीनदा दगडं पाहून आल्ते. आता पाणी पाहू द्या." मायपुढं आमच्याकडे कुणाचं चालत नाही.

वाट राजूर, केदारखेडा, भोकरदन अशीच. अण्णा काचेला चिकटून लोकांची रानं तपासत होते, याची कोळपणी राहिली, त्याची मका बरी आहे... आमचं शेत रोडलाच आहे. गाडी हळू करून विचारलं, थांबायचं का? "नको," म्हणाले आणि मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, चुकलंच आपलं. कशाला आणलं त्यांना...

वरच्या व्ह्यू पॉइंटच्या अलीकडे गाडी लावली. एका हातात काठी आणि दुसरा माझ्या खांद्यावर, असे अण्णा हळूहळू चालत आले. आधी आवाज आला. मग धुकं जरा सरलं आणि दिसलं... सगळी कुंडं भरून पाणी खाली कोसळत होतं. मायनं हात जोडले.

अण्णा कठडा धरून किती वेळ उभे होते कोण जाणे. मग हळूच म्हणाले, "हे दरसाल असंच पडत व्हतं?"

मी हो म्हणालो.

"आन् आपुन तिकडं खुरपत व्हतो."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात अण्णांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं फोटो काढतील. त्यांनी थेट संतोषला फोन लावला. पाण्याच्या आवाजात ओरडूनच बोलत होते, आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"काय करून राह्यला? खुरपणी? मंग ऐक. मंगळवारी काम बंद. बायको घे, दोन्ही पोरी घे अन् अजिंठ्याला जाऊन ये... न्हाई, उन्हाळ्यात बिलकुल न्हाई. उन्हाळ्यात काय दगडं पाहतो का? रानाची काळजी करू नको, मी येतो ना. बाजेवर बसून रोही हाकायला गुडघे लागत न्हाईत."

मंगळवारी मी रजा टाकली. सकाळी सहालाच अण्णा टोपी घालून तयार होते. शेतात सोडलं, संध्याकाळी आणायला गेलो. रोह्यांवर, म्हणजे पिकात शिरणाऱ्या नीलगाईंवर, ओरडून ओरडून आवाज बसलेला, चेहरा उन्हानं तांबूस. मायनं बांधून दिलेल्या दोन्ही भाकरी संपल्या होत्या. संतोषची धाकटी पोरगी बाजेवर उभी राहून पाणी केवढ्या उंचावरून पडतं ते हातवारे करून सांगत होती, आणि अण्णा असे ऐकत होते जणू स्वतः काही बघितलंच नाही.

निघताना संतोषला म्हणाले, "पोळा झाला की अजून एक दिवस घे. मी येतो."

मला क्षणभर त्या पोरींचा हेवा वाटला, त्यांना पहिल्याच खेपेला पाणी दिसलं होतं. पण गाडी चालवताना माझा एक जुना गैरसमज दूर झाला. अण्णांना पावसाळ्यात फिरायची आवडच नाही असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो... आवड होती. फक्त "मी येतो, तू जा" म्हणणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं.