रुमाल टाकलेली जागा

शहाद्याहून धडगावला चढणाऱ्या घाटात भिलाची जीप ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. गाव त्याचं रनाळे, पण सारी उमर घाटातच गेली. त्या रस्त्यावर एक रीत आहे. आपल्या जागेवर रुमाल टाकून सवारी खाली उतरली, की ती परत येईपर्यंत गाडी हलत नाही. बाकीचे ड्रायव्हर ही रीत सोयीने पाळत. भिलाला मात्र तिचा अभिमान होता. एकदा काठी गावच्या होळीला माणसं टपावर लटकली होती, आणि मोतीबाई नावाची म्हातारी जागेवर रुमाल टाकून कुठंतरी गेली होती. लोक खवळले. एकाने विचारलं, "भिलाभाऊ, त्या रुमालसंगे लगीन लागेल शे का तुन्हं?" भिलाने बिडी पेटवली आणि चाकावर पाय ठेवून उभा राहिला. म्हातारी आली तेव्हाच गाडी हलली.

आता तो भिला राहिला नव्हता. झाडाची पानं झडावीत तशी त्याच्या मनातून नावं झडत होती. आधी गावांची गेली, मग भावांची, मग पोटच्या लेकीचं. उरलं होतं ते एकच. बायकोला, भिकुबाईला, त्याने लग्नानंतर कधी नावाने हाक मारली नव्हती. लेक झाल्यापासून 'रुपानी माय' म्हणायचा. तेवढं टिकून होतं, आणि तेवढ्यावर भिकुबाई जगत होती.

तापी समुद्राला कशी मिळते ते तुला दाखवीन, असं तो तिला तरुणपणी म्हणाला होता. लेक तापीकाठच्या सुरतेला दिलेली, आणि दोघं सध्या तिच्याकडेच होती. ते शब्दही तो विसरून जायच्या आत आपणच त्याला नेऊ, असं भिकुबाईने मनाशी धरलं. रुपा कामावर गेली, तशी दोघं निघाली. आधी सुरतेच्या चौकातला तापीकाठचा किल्ला पाहिला. भिलाने दगडी भिंतीवर हात फिरवला आणि खुशीत हसला. मग दोघं समुद्रकाठच्या डुमसला जाणाऱ्या बसमध्ये बसली.

बस उभी होती. इंजिन बंद, अर्ध्या जागा रिकाम्या. भिलाची गोळी घ्यायची वेळ झाली आणि बाटलीत पाणी नव्हतं. भिकुबाईने त्याचाच रुमाल आपल्या जागेवर नीट पसरला.

"तुम्ही बठा. मी पानी लई येस."

गाडी भरल्याशिवाय निघते थोडीच, आणि जागेवर रुमाल आहे. ती निर्धास्त नळाकडे गेली. परत आली तेव्हा तिथं बस नव्हती.

बाटली हातात तशीच. एकाच रंगाच्या बसगाड्या येत होत्या, जात होत्या. प्रत्येक बसच्या खिडक्या ती धावत जाऊन बघत होती. पाट्या गुजरातीत, तिला तर मराठीही जेमतेम वाचता येई. किल्ल्याच्या पहारेकऱ्याने पोलीस चौकीकडे बोट दाखवलं. पण तिला वाटे, इथून हललो आणि बस इथंच परत आली तर? वाटेत कुठं उतरला तर कोणाला काय सांगेल? स्वतःचं नावही त्याला सांगता यायचं नाही. ती फुटपाथवर बसली आणि छाती बडवत आपल्या बोलीत आक्रोश करू लागली. त्या आक्रोशातली अहिराणी ऐकून एक रिक्षावाला थांबला. शाहबाज त्याचं नाव, आजोळ नंदुरबारचं.

"रस्ता सोडीन बस कोठे जाई? बठ, मावशी."

रिक्षा अठवागेट, पिपलोद मागे टाकत पळाली. उंच इमारती गेल्या, विमानतळ गेला. वाटेतलं शहर तिने पाहिलंच नाही. प्रत्येक थांब्यावर ती म्हाताऱ्यांचे चेहरे तेवढे बघत होती. भिला कशाही अवस्थेत मिळो, एवढंच ती मागत होती. डुमसला वाळूचा आणि खारट वाऱ्याचा वास आला. समुद्र समोर पसरला होता, तिने तिकडे पाठ फिरवली.

बस तिथं उभी होती, परतीच्या माणसांनी भरलेली. दारातला कंडक्टर वैतागून सांगत होता, की एक म्हातारा खाली उतरत नाही आणि शेजारी कोणाला बसू देत नाही. शाहबाज त्याला समजावत राहिला. भिकुबाई गर्दीतून आत घुसली.

भिला खिडकीशी बसला होता. धोतर ओलं झालेलं. एक हात रुमालावर घट्ट. ती त्या जागेवर बसायला वाकली, तर त्याने हात आडवा घातला. सवारीशी बोलायचा तशा अदबीने म्हणाला, "बाई, आठे नका बठू. हाई जागा सवारीनी शे. ती येई ऱ्हायनी."

"अहो, मीच शे. रुपानी माय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, ओळखही नव्हती.

"तीच," तो म्हणाला. "ती उनी नई तोपर्यंत गाडी हालाव नई."

मागच्या बाईने सरकून जागा देऊ केली. भिकुबाईने मान हलवली. तिने दांडा धरला आणि त्याच्याशेजारी उभी राहिली. कंडक्टरने घंटी वाजवली. बस हलली, तसा भिला हादरला. दोन्ही हातांनी खिडकी बडवू लागला.

"थांब रे, भाऊ. रुपानी माय राही गई."

भिकुबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात झटकून तो मागे सुटत चाललेल्या रस्त्याकडे बघत राहिला.