काकाने हात लावलेलं खोकं

आमच्या काकाचा लिलावातला एक नियम होता: हवी ती वस्तू सोडून बाकी सगळ्यांना हात लावायचा. जुन्या मोटारींचे सुटे भाग विक्रीला निघाले, की हा शेडमध्ये शिरून एखाद्या गंजक्या बंपरपाशी उकिडवा बसणार आणि "वा, काय माल आहे!" म्हणून मान डोलावणार. बाकीचे त्या बंपरवर तुटून पडायचे आणि काका कोपऱ्यातला हवा तो दिवा गुपचूप घेऊन घरी यायचा. गॅरेजवाल्यांत त्याच्या या लबाडीचं मोठं नाव होतं.

काकाच्या गॅरेजच्या मागे काकूच्या वडिलांची जुनी मोटार बंद पडून होती. "मी चालू करून देतो," असा शब्द काकाने लग्नातच सासऱ्यांना दिला होता. मुलं मोठी झाली, तरी गाडी अडलेलीच, कार्बोरेटरपाशी. तसा कार्बोरेटर दोनदा मिळाला आणि दोन्ही वेळा आतून तडकलेला निघाला, कारण नियमाप्रमाणे काकाने तो हातात घेऊन पाहिलाच नव्हता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं काकू त्याच्या तोंडावर म्हणायची.

यंदा आजोबांनी, म्हणजे काकूच्या वडिलांनी, अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काकूला बाजूला घेऊन, फार आशा धरू नका, असं सांगितलं. मला काकाचा रागच आला. माणूस चाललाय आणि याची अजून सोंगं संपत नाहीत!

म्हणून पुढच्या लिलावाला त्याला नेताना मी बजावलं, "काका, आज नाटकं नकोत. नीट हातात घेऊन बघ."

"बघितलं की गोगलवाला बोली चढवणार."

"चढवू दे."

गोगलवाला म्हणजे काकाचा जुना वैरी. शेडच्या अंधारातही काळा चष्मा लावून फिरायचा.

कार्बोरेटर होता. दारांच्या मुठी आणि फुटके आरसे भरलेल्या एका खोक्यात पडला होता. काका जरा घुटमळला. मग सगळ्यांदेखत त्याने तो उचलला, फडक्याने पुसला, उजेडात धरून आत डोकावला. धड होता. गोगलवाला मागे येऊन उभाच होता.

काका त्याला म्हणाला, "हा मला हवाय. सासऱ्यांच्या गाडीला. त्यांचं आता काही खरं नाही. एवढा सोड."

गोगलवाला पोट धरून हसला. "अहो मिस्त्री, एका कार्बोरेटरपायी सासऱ्यांना मारता?" आणि बाकीच्यांना ओरडून म्हणाला, "हे खोकं बाद रे! मिस्त्रींनी हात लावलाय!"

झालं. सगळे शेजारच्या खोक्याकडे वळले. त्यात काय होतं ते देव जाणे. आमच्या खोक्यासाठी एकच हात वर झाला, काकाचा. भंगाराच्या भावात मिळालं.

मला हसू आवरेना. काका मात्र खाली मान घालून खोकं उचलत होता.

"मिळाला ना? मग तोंड का पाडलंयस?"

"अगं, खरं सांगत होतो मी. एकाला तरी पटावं की नाही?"

"पेरलं ते उगवलं," मी म्हटलं.

दुपारपर्यंत त्याने कार्बोरेटर बसवला. आजोबांची खाट गॅरेजच्या बाजूच्या खिडकीला होती. काकू उशाशी बसली. इंजिन दोनदा खोकलं, निळा धूर सोडला आणि मग एका लयीत चालू राहिलं. खिडकीची काच थरथरायला लागली. आजोबांनी डोळे उघडले.

काका धावत आत आला. हात कोपरापर्यंत काळे.

"बाबा, आपलीच गाडी आहे. खरंच चालू झालीय हो. शपथ!"

आजोबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी काकाकडे नवलाने बघितलं.

"शपथ कशाला, जावईबापू? चालू करणार म्हणाला होतात ना तुम्ही."

काका खाटेच्या कडेवर बसला आणि त्याच काळ्या हातांनी तोंड झाकून रडला.