माले गाडी द्या

शाळेत मी समानार्थी शब्द शिकवते आणि त्यात मला कुणी हरवू शकत नाही, असा माझा तोरा आहे. लोटगाडी, हातगाडी, ठेला. पुरणे, गाडणे, मूठमाती देणे. फळ्यावर हे दोन गट मी कधी शेजारी लिहिले नव्हते. ते एकत्र आणले साक्रीच्या आमच्या नानांनी, तेही तीन शब्दांत.

नाना माझे थोरले काका. उभा जन्म आठवडे बाजारात शेंगदाण्या-फुटाण्यांची लोटगाडी ढकलण्यात गेला. मग लकवा मारला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आधाराने चालवा, नाहीतर कायमचे खाटेला खिळतील. काकूंनी वॉकर आणला. नानांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा कोपऱ्यात जाऊन टॉवेल वाळवायच्या कामाला लागला. पावसाळा सरला तरी नानांनी एक पाऊल टाकलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी जळगावहून गेले, तर घरात नुसती धांदल. नाना त्या सकाळी बोलले होते.

"माले गाडी द्या."

चुलतभाऊ हरखला. त्याने आपली नवी कोरी चारचाकी दारात आणून लावली, सीटवर गोधडी अंथरली. नानांनी मान हलवली. पुन्हा तेच तीन शब्द, आणि डावा हात खिडकीबाहेर, परसातल्या निंबाकडे.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. त्या निंबाखाली नानांची पहिली मुलगी आहे. रांगायला लागायच्या आत तापाने गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून तिला तिथं पुरलं आणि वर दगड रचले. काकू त्याला ओटा म्हणतात, भाऊबंद थडगं म्हणतात. नाना काहीच म्हणत नसत. विषय निघालाच तर 'तठे' म्हणायचे, म्हणजे तिथं, आणि उठून जायचे.

ज्यांना अहिराणी येत नाही त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे 'करून द्या'चं 'करी द्या' होतं, 'सांगून द्या'चं 'सांगी द्या'. मग 'गाडून द्या'चं काय होतं, ते तुम्हीच पाहा.

शेजारचे आबा भावकीतले वडीलधारे. ते घसा खाकरून म्हणाले, "आपलामा धाकला पोरेसले गाडतस, मोठा मानूसले नही."

"मी जित्ती शे, आन तुम्ही हाई काय बोली राह्यनात?" काकू नानांना म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून रडू लागल्या.

आबांनी तोडगा काढला, की आत्ता हो म्हणून टाका, पुढचं पुढे पाहू. भाऊ म्हणाला, बापाला खोटा शब्द द्यायचा नाही. आणि खरा शब्द द्यायची त्याची छाती होईना, कारण मागे अख्खी भावकी.

मला मात्र रागच आला. एका वाक्याचे दोन अर्थ, आणि घरभर माणसांनी नेमका तोच उचलला, ज्यात नाना मरतात. मी तडक परसात गेले.

खिडकीतून नुसता ओटा दिसायचा. त्याच्यामागे निंबाला टेकून, फाटक्या प्लॅस्टिकखाली, गिलक्याच्या वेलात गुरफटलेली नानांची लोटगाडी उभी होती. लहानपणी बाजाराच्या दिवशी उजाडताच नानांचा आवाज यायचा, "गाडी काढा." कोणती, असं कुणी विचारत नसे. घरात दुसरी होतीच कुठे? मग फटफटी आली, ट्रॅक्टर आला, चारचाकी आली, आणि ज्याने त्याने तो शब्द पळवला. नानांच्या गाडीची आधी लोटगाडी झाली, मग ठेला, मग अडगळ. एका नानांच्या तोंडात तेवढा तिचा मान शाबूत होता.

मी तिथूनच ओरडले, "ही गाडी मागताहेत ते, ही."

मग काय विचारता. मी वेल ओरबाडला, भाऊने चाकांत तेल सोडलं, हवा भरली. रिकामी गाडी निसटू नये म्हणून तिच्यावर कांद्याची दोन पोती टाकली. काकूंनी डोळे पुसत परसातले दगडधोंडे बाजूला केले. आबासुद्धा धोतर सावरत मदतीला आले.

गाडी खाटेजवळ लागली. नानांनी डाव्या हाताने दांडा धरला. लुळा उजवा काकूंनी उचलून दांड्यावर ठेवला आणि तिथंच दाबून धरला. आणि नाना उभे राहिले. भाऊ पुढून गाडी तोलत मागे मागे सरकत होता, नाना पाय ओढत ढकलत होते. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

गाडी निंबाजवळ पोचल्यावर मी त्यांना सांगितलं, की नाना, आम्ही भलतंच समजलो होतो. त्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते. मग हसू ओसरलं आणि ते ओट्याकडे बघत राहिले. पुढचे शब्द त्यांनी एकेक करून गोळा केले. आधी दांड्यावर थाप मारली.

"पहिले गाडी द्या."

मग बोट ओट्याकडे गेलं.

"मंग, तठे, गाडी द्या."

आबांनी तोंड उघडलं. भाऊने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"हाव, नाना," तो म्हणाला.