मीटरचा लाल दिवा
काळ्या वायर-टेपचा वास आला की मला नाचणगावच्या रिकाम्या घरातली ती दुपार आठवते. पदवी घेऊन मी देवळीच्या शाळेत लागले, तिथे घर पाहिलं, पण वडील गेल्यावरही आई जुनं घर सोडायला तयार नव्हती. शेवटी कशीबशी हो म्हणाली. इंटरनेटचं कनेक्शन सकाळीच देवळीला हलवलं होतं. वडिलांच्या नावावरची वीज तेवढी तोडायची राहिली होती. लाइनमनने मेन स्विच बंद केला, तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतच राहिला. "घरात काई चालू हाय काय, ताई?" मी दोन्ही खोल्या पाहून आले. एकाही होल्डरला बल्ब नव्हता. "मंग वीज कोण खाऊन राह्यलं?" तो हसला, पण पकड हातातच धरून थांबला. "चालू मीटरची वायर मी काढत नाई." काम अडलं तर आईचं मन पुन्हा फिरेल, या धास्तीने मी तिच्याकडे पाहिलं. ती कोपऱ्याकडे वळली होती. माझी परीक्षा असली की वडील तिथे भिंतीला टेकून बसत आणि मी सांगितल्याशिवाय बल्ब बंद करत नसत. आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अवो, पोरीचा अभ्यास झाला. मास्तरीण झाली आता. बंद करा." लाल दिवा थांबला. लाइनमनने वायर काढली, टोकांना टेप गुंडाळली. आता देवळीत मीटर माझ्या नावावर आहे. वह्या तपासून झाल्या की बटण दाबण्याआधी मी हळूच सांगते, "झालं, बाबा."