शनिवारची ग्रामसभा

तातेराव गुरुजी रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांचा शनिवार काही सुटला नव्हता. कुंभार पिंपळगावजवळच्या रांजणवाडीत दर शनिवारी चौथीची पोरं गोल करून बसायची आणि गुरुजी त्यांची ग्रामसभा भरवायचे. एकीला सरपंच करायचं, एकाला ग्रामसेवक, बाकीचे गावकरी. ठराव मांडतो तो सूचक, त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक. हात मोजायचे, मगच वहीत लिहायचं, आणि शेवटी खाली गुरुजींची सही. त्यांचा एकच हेका: न विचारता कुणाचं नाव लिहायचं नाही आणि न वाचता सही करायची नाही. गिरिजाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, करवादायच्या, "पोरायला पाढे येईनात, अन् ह्यांची ग्रामसभा." गुरुजी हसून चपला घालायचे.

हसायला त्यांना कारणही होतं. याच खेळात शिकलेला भारत आता गावचा खराखुरा सरपंच झाला होता. चौथीत असताना हा पठ्ठ्या पाटीवर गुरुजींची सही हुबेहूब काढायचा, 'त'च्या लांबलचक शेपटासकट. कान पिळायचं सोडून गुरुजींनी तेव्हा कौतुक केलं होतं. निवडून आल्यावर तो पाया पडायला आला, तेव्हा तर त्यांनी त्याला उठवून छातीशी धरलं. पार शहागडच्या पाहुण्यांनाही ते सांगत सुटले की आपला एक तरी पोरगा गावाच्या कामाला आला.

सप्टेंबरात कुजबुज उठली की शाळेपुढचं मैदान मोडून तिथं दुकानांचे गाळे निघणार, आणि पहिला गाळा सरपंचाच्या मेव्हण्याला. "आपला भारत तसला न्हाई," गुरुजी म्हणाले. मग पोरांकडं वळले. "दोन ऑक्टोबरला सभा हाय. अर्ज लिहा, बराबर नियमानं मांडू. गावानं हात वर केल्याबिगर मैदान कुणाच्या बापाला देता येत न्हाई." चौथीतल्या पायलनं अर्ज लिहिला, बावीस पोरांनी वाचून सह्या केल्या.

दोन तारखेला दहा वाजता ही सगळी वरात पंचायतीत पोचली, तर तिथं चिटपाखरू नाही. पोरांना बाहेर थांबवून गुरुजी आत गेले. भारत एकटाच मोबाईल बघत बसला होता.

"सभा परवाच झाली गुरुजी. बसा, चहा सांगतो."

टेबलावर रजिस्टर उघडंच होतं. गुरुजींनी सवयीनं वाचलं. मैदान गाळ्यांसाठी देण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक: तातेराव अप्पाराव मगरे. शेजारी सही, 'त'चं शेपूट पार समासाबाहेर गेलेलं.

"ही तू केली?"

भारतनं नजरसुद्धा चुकवली नाही, आणि गुरुजींना तेच जास्त लागलं. "दुसऱ्याचं नाव टाकलं असतं तर गाव भांडत बसलं असतं. तुमचं असलं की कुणी विचारत न्हाई."

"मी तक्रार करीन, भारत. लेखी."

"करा की. सही तुमचीच हाय म्हणून सांगायला चार माणसं तयार हाईत."

उभ्या जन्मात गुरुजींना इतकं कुणी फसवलं नव्हतं. घरावर दरोडा पडला असता तर निदान चोर अनोळखी असता. इथं तर त्याच्या हाताला धरून पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं. त्यांना शिवी द्यावीशी वाटली. ते रजिस्टर मिटून बाहेर आले.

बाहेर पोरं नोटीस बोर्डाभोवती जमली होती. ठरावाची झेरॉक्स तिथं चिकटवलेली, आणि पायल शिकवल्याप्रमाणं ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचत होती. सूचकाच्या नावाशी बोट थांबलं.

"गुरुजी, मैदान तुम्हीच दिलं?"

"न्हाई गं माय. ती सही माझी न्हाई."

पायलनं दप्तरातून शनिवारची वही काढली. शेवटचं पान उघडून बोर्डाशेजारी धरलं आणि दोन्ही सह्या नीट जुळवून बघितल्या. जुळवून बघायला तिला गुरुजींनीच शिकवलं होतं.

"तुमचीच हाय गुरुजी," ती हळूच म्हणाली आणि पोरांचा अर्ज घडी करून वहीत ठेवून दिला.