बुलबुलचं संत्रं

क्योतोत पीएच.डी. करत होतो तेव्हा, नव्वदच्या दशकात, माझ्या खिडकीखालीच शेजारच्या आजींचं परसदार होतं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. हिवाळाभर त्या डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेल्या चिमुकल्या चष्मेवाल्या पक्ष्यांसाठी अर्धं संत्रं फांदीला खोचून ठेवायच्या. ते येऊन बसले की एक दांडगा बुलबुल हमखास त्यांना हुसकावून संत्रं फस्त करायचा. मग आजी झाडू घेऊन त्याच्यामागे धावायच्या. माझ्या जपानीतल्या सगळ्या शिव्या मी आजींकडूनच शिकलो.

एका सकाळी परसदार बर्फाने पांढरं झालं होतं. बघतो तर आजी दुसऱ्या फांदीलाही संत्रं खोचतायत.

"आजी, हे कुणाला?" मी वरून विचारलं.

"त्या चोराला!" त्या फणकाऱ्याने म्हणाल्या. "तो गारठून गेला, तर उद्या मी भांडू कुणाशी?"